पहिला धोंडा रिकामा

"ओ!"

भाऊंनी अशी ओ दिली की आम्ही सगळे मान वर करून एकमेकांकडे बघायचो, कारण हाक कोणीच मारलेली नसायची. भाऊंची बोटं कीबोर्डवर तशीच थांबलेली, मान जराशी कलती, डोळे दाराकडे. मग मला विचारायचे, "काय गो, तू हाक मारलीस?" मी म्हणायचे, "नाही हो भाऊ." ते "बरं" म्हणायचे आणि परत कामाला लागायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेलच, ज्याच्या एका सवयीवर सगळं ऑफिस डबे उघडून हसतं. आमच्याकडे भाऊंची ओ होती. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, भाऊंची ओ. शेजारच्या गाळ्यातल्या फोरमनने आपल्या माणसाला हाक मारली, भाऊंची ओ. एकदा आम्ही टपरीवर चहा पीत होतो आणि समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून एक बाई आपल्या पोराला बोलवत होती. पोरगा खेळण्यात दंग. दुसऱ्यांदा हाक मारायला तिने तोंड उघडलं तोवर भाऊ चहाचा ग्लास हातात धरून मोठ्याने म्हणाले, "ओ!" बाई वरून खेकसली, "तुम्हाला नाही हो!" भाऊ जराही ओशाळले नाहीत. "नसू दे," ते मला म्हणाले, "कोणीतरी दिली म्हणजे झालं."

मी घाटकोपरची, तोंडाने फटकळ. तेव्हा म्हटलंसुद्धा, "भाऊ, लोक वेडा म्हणतील तुम्हाला." ते म्हणाले, "म्हणू दे की."

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे काय, दोन गाळे. एकात साहेब आणि आम्ही, दुसऱ्यात एसी लावलेली खोली आणि तिच्यात कपाटाएवढं युनिक्सचं मशीन. चपला बाहेर काढल्याशिवाय आत जायचं नाही. आम्ही दवाखाने, गोदामं, कारखाने यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचो. भाऊ चाळिशीचे, भांडुपला राहणारे, मूळचे मालवणकडचे. नाव होतं चांगलं, पण कोणी घ्यायचं नाही. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे भाऊच म्हणायचे. मीही इथे नाव सांगत नाही.

नोकरीला लागले तेव्हा माझ्या डोक्यात नुसती पुस्तकं होती. शेअर्ड लायब्ररी म्हणजे काय, असं भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "आमच्या वाडीत बाव एकच. बाव म्हणजे विहीर गो. घरोघरी बाव कोण खणतं?"

प्रकरण असं होतं. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम लागेल ते सगळं स्वतःच्या पोटात घेऊन हिंडायचा. तारीख छापणं असो, नाव शोधणं असो, प्रत्येकाकडे प्रत्येक कामाची वेगळी प्रत. डिस्क तेव्हा इवलीशी, ती भरून जायची. म्हणून नव्या युनिक्सने, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने, सोय केली की सगळ्यांना लागणारी कामं एकाच फाइलीत ठेवा, आणि ज्याला हवं त्याने तिथे जाऊन करून घ्या. भाऊंनी आमच्या कंपनीची अशी लायब्ररी एकट्याने बांधली होती.

"पण प्रोग्रॅमला कळतं कसं, कुठलं काम कुठे आहे ते?" मी विचारलं.

"बावीच्या काठाला धोंडे होते, रांगेत. एकेका घराचा एकेक धोंडा. आमची कळशी कायम चौथ्या धोंड्यावर. डोळे मिटून गेलं तरी पाय बरोबर तिथे. लायब्ररीच्या तोंडाशी तशीच रांग असते. प्रोग्रॅमला आतलं काही माहीत नसतं. त्याला एवढंच ठाऊक की नाव शोधायचं तर अमुक धोंड्यावर जायचं. तू आतला गाळ काढ, झरा मोठा कर, काय वाट्टेल ते कर. धोंडे हलवू नकोस. धोंडा हलला की वाट लागली सगळ्यांची."

मी ती रांग बघितली. पहिल्या जागेवर कामाचं काहीच नव्हतं.

"हा रिकामा कसा?"

"पहिला वाटसरूचा," भाऊ म्हणाले. "आमच्याकडे तशी रीत होती. वाट चुकून कोणी आला तर त्याला टेकायला, पाणी प्यायला. प्रोग्रॅमही भरकटतात ना? भरकटत इथे येऊन पडला एखादा तर कोणीतरी असायला हवं."

तिथे त्यांनी एक चिमुकलं रूटीन, म्हणजे दोन-चार ओळींचं काम, बसवलं होतं. कोणी तिथे आलंच, तर मुख्य टर्मिनलवर रोमन लिपीतला एक 'ओ' उमटवायचा आणि आलेल्याला आल्या वाटेने परत पाठवायचं. बस, इतकंच. मला ते फार गोड वाटलं. साहेबांना मात्र ते खुपायचं. "भाऊ, फुकट जागा अडवून ठेवलीय तुम्ही," असं ते येता-जाता ऐकवायचे. भाऊ मान हलवायचे आणि जागा तशीच ठेवायचे.

फाइलींशी भाऊ माणसांसारखे वागायचे. कुठलीही अनोळखी फाइल आली की "आधी कपाळ बघ" म्हणायचे. फाइलीच्या अगदी सुरुवातीच्या दोन बाइटांत ती चालणारी आहे की नुसता मजकूर, कुठल्या मशीनची, ते लिहिलेलं असतं. सटवाईने लिहावं तसं. युनिक्स तेच वाचून ठरवतं, हिला जिवंत करायची की नाही. मी आळशी, माझे प्रोग्रॅम कंपायलरने सगळ्यांना सरसकट दिलेल्या 'ए डॉट आउट' या नावानेच पडून असायचे. भाऊ म्हणायचे, "अगो, बारसं तरी कर त्याचं." आणि एक गोष्ट त्यांनी कधी करू दिली नाही. प्रोग्रॅम तयार झाला की त्याच्या शेवटी असलेली आतल्या कामांची नावं पुसून टाकायची पद्धत होती, जागा वाचते म्हणून. भाऊ चिडायचे. "नावं पुसू नकोस. उद्या कोणी कोणाला हाक मारली ते कळणार कसं?" तेव्हा मला ही नुसती शिस्त वाटायची.

एकदा काय झालं, भर दुपारी, डबे उघडायच्या बेताला, मी एसीच्या खोलीत एकटीच होते. मशीन शांत होतं. कोणाचा प्रोग्रॅम चालू नव्हता, मी स्वतः बघितलं होतं. आणि समोरच्या पडद्यावर एक अक्षर उमटलं.

ओ.

मी भाऊंना हाक मारायला वळले तर ते दारात उभेच. अनवाणी, धापा टाकत. मी तोंड उघडलंच नव्हतं. ते पडद्याकडे बघत राहिले.

"किती वाजले?"

"बारा."

त्यांनी खुर्ची ओढली. डिस्कवरच्या एकेका प्रोग्रॅमची नावं आम्ही काढून बघितली. पहिल्या धोंड्याला कोणीही हाक मारत नव्हतं. कुठलाही प्रोग्रॅम कोसळलेला नव्हता. कोसळला की कोअर नावाची फाइल मागे राहते, तीही नव्हती. कोणीतरी आलं होतं, ओ ऐकली होती आणि गेलं होतं. एसी चालू होता, तरी भाऊंच्या कपाळावर घाम होता. पण चेहरा घाबरलेला नव्हता. घाबरले होते ती मी.

डबा खाताना ते एकदम म्हणाले, "ही दुसरी गो."

"दुसरी काय?"

"हाक. मशीन बसवलं त्याच आठवड्यात एक आली होती."

मग त्यांनी सांगितलं. ते लहान होते, शाळेतही जात नव्हते तेव्हाची गोष्ट. आईने शिकवलं होतं की भर दुपारी बाराला बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारील. दुसरं काही असेल तर दोनदा मारून गप्प होतं. त्या दुपारी आई-बाबा मळ्यात होते, भाऊ पडवीत एकटे आणि मोठी बहीण पाण्याला गेलेली. तिला ते आक्का म्हणायचे. बावीकडून हाक आली, त्यांच्या घरातल्या नावाने. थोड्या वेळाने परत आली.

"आवाज आक्काचाच होता. मला कळत होतं," भाऊ म्हणाले. "तरी बसून राहिलो. म्हटलं, तिसरी आली की उठायचं. तिसरीची वाट बघत बसलो गो मी."

तिसरी आली नाही. आक्काची कळशी पहिल्या धोंड्यावर सापडली. त्या दिवशी चौथ्या धोंड्यावर कोणाचं तरी धुणं होतं म्हणून ती वाटसरूच्या धोंड्यावर उभी राहिली असावी. त्या धोंड्यावर फारसं कोणी उभं राहत नसे, म्हणून त्याला शेवाळ. पुढे गावाने ती बाव बुजवून टाकली. धोंडे तेवढे राहिले.

मी काहीतरी शहाणपणाचं बोलायचं म्हणून म्हटलं, "भाऊ, एखादा भरकटलेला पॉइंटर असेल हो, पत्ता चुकून तिथे गेलेला."

"असेल की. भरकटलेलंच म्हणतोय मी." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्या रूटीनला मी माझं घरातलं नाव दिलंय. आक्का ज्या नावाने हाक मारायची ते. दोन झाल्या. तिसरी राहिलीय. तिसऱ्यांदा ती आली आणि तिथे ओ द्यायला कोणीच नसलं तर? परत तसंच होईल ना गो."

त्यानंतर भाऊंच्या ओवर मी कधी हसले नाही. उलट कोणी हसलं तर मीच त्याच्यावर खेकसायचे. आणि खरं सांगते, बारा वाजता त्या खोलीत एकटी बसायचं मी टाळू लागले.

भाद्रपदात भाऊ गणपतीला गावी निघाले. कोकणातला माणूस, त्याला त्या दिवसांत ब्रह्मदेव आला तरी थांबवू शकत नाही. खांद्याला पिशवी, हातात गणपतीच्या मखराचे रंगीत कागद. जाताना माझ्या टेबलाशी थांबले.

"धोंडा सांभाळ गो."

"सांभाळते. तुम्ही मोदक आणा म्हणजे झालं."

आणि साहेबांनी नेमका तोच मुहूर्त साधला. लायब्ररीत एक नवीन काम घालायचं होतं आणि ठरलेल्या मापात ते बसत नव्हतं. साहेब म्हणाले, पहिली जागा काढून टाका. मी भांडले. चांगली तोंडावर भांडले. "साहेब, भाऊ येईपर्यंत थांबा ना. चार दिवसांनी काय बिघडतंय?" साहेब म्हणाले, "कंपनी भाऊंच्या गावदेवीची नाही." मी हात लावणार नाही म्हटल्यावर ते स्वतः खुर्चीवर बसले. यादीतली पहिली ओळ काढली, बाकीच्या एकेक घर वर सरकवल्या, आणि नवीन लायब्ररीची टेप मुलुंडच्या एका हॉस्पिटलात पाठवून दिली. तिथले प्रोग्रॅम मात्र जुनेच. म्हणजे सगळे धोंडे एकेक घर हलले होते आणि हे तिकडे कोणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गौरीजेवण. आमच्या घरी पुरण शिजत होतं आणि हॉस्पिटलातून फोन आला, की मशीन येड्यासारखं करतंय. आई म्हणाली, "आजच्या दिवशी जाणार आहेस?" मी जुन्या लायब्ररीची टेप पर्समध्ये घातली आणि मुलुंड गाठलं.

ओपीडीत बाकांवर माणसं खचाखच. पडद्यावर पुढच्या पेशंटचं नाव यायचं आणि तिथल्या एक मावशी ते मोठ्याने पुकारायच्या. मावशी पुकारत होत्या आणि कोणी उठत नव्हतं. मी जाऊन बघितलं. जुना प्रोग्रॅम 'पुढचं नाव' मागत होता, आणि त्या धोंड्यावर आता शेजारचं काम येऊन बसलं होतं, 'मागचं नाव' देणारं. ते मागे मागे चाललं होतं. सकाळी तपासून घरी गेलेली माणसं, मग कालची, मग परवाची. मावशी इमानदारीत एकेक नाव पुकारत होत्या आणि हॉल गप्प बसून ऐकत होता.

एक नाव पुकारल्यावर कोपऱ्यातली एक बाई उठली. तिच्या हातात परत करायला आणलेल्या औषधांची पिशवी होती. "माझ्या आईला का बोलावताय?" ती म्हणाली. "परवा नेली तिला." मावशींचा आवाजच बसला. मी मावशींना म्हटलं, "पुरे, आता काही वाचू नका," आणि मशीन बंद केलं.

जुनी लायब्ररी परत घातली. पहिला धोंडा पहिल्या जागी, बाकीचे आपापल्या. मशीन पुन्हा सुरू झालं. प्रोग्रॅम मी अजून एकही चालू केला नव्हता. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"हे काय आलं हो ताई?"

पडद्यावर एक 'ओ' होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजलेले.

मला भीती वाटायला हवी होती, पण तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाचली आक्का, मी मनात म्हटलं. धोंडा काढलेला असताना आली असती तर? भाऊ आले की पहिलं त्यांना हेच सांगायचं, की तिसरी आली आणि ओ गेली. घरी जाऊन मी पुरणपोळी चापून खाल्ली.

भाऊ आले नाहीत. रजा संपली, वर काही दिवस गेले, तार नाही, निरोप नाही. मी भांडुपला त्यांच्या घरी गेले. दार वहिनींनी उघडलं. मी दारातच विचारलं, "भाऊ कुठेत?"

वहिनींनी मला पाणी दिलं, मग सांगितलं. गौरी जेवायच्या दिवशी घरात पानं वाढली होती. भाऊ पानावर बसले होते. वहिनी वरणभातावर तूप वाढत होत्या. एकदम ते म्हणाले, "ओ!"

"मला काय, सवयीचंच ते," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, कोणी हाक मारली नाही. तर म्हणाले, मारली. तिसरी मारली. आणि हसले. लग्न झाल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं हो. भरल्या पानावरून उठले, हात धुतले आणि बावीच्या अंगाने गेले."

"मग?"

"मग काय? बुजवलेली बाव ती. वर गवत वाढलंय. तिथे उतरणार कुठे माणूस? सगळं गाव हिंडलं. पोलीस झाले, खाडी झाली, रान झालं." वहिनींनी पदर तोंडाशी धरला. "पहिल्या धोंड्यावर पाणी सांडलेलं होतं, कोणी भरली कळशी टेकवावी तसं. त्या दिवशी पाऊस नव्हता हो."

मी त्यांना मुलुंडचं काही सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांचा हात धरून बसले आणि रडले. भाऊंचं पुढे काहीच कळलं नाही, आजपर्यंत नाही.

साहेबांनी पुन्हा त्या पहिल्या जागेचं नाव काढलं नाही. मी काढू दिलंही नसतं. पुढच्या काही वर्षांत सगळीकडे वेगळ्या तऱ्हेच्या लायब्ररी आल्या. त्यांत धोंड्यांची रांग नाही. प्रोग्रॅम चालू झाला की नाव घेऊन शोधतो, ज्याचं नाव तो जिथे असेल तिथे सापडतो. भाऊंना ते फार आवडलं असतं. आमचं कपाटाएवढं मशीन जुनं झालं आणि साहेबांनी ते भंगारात द्यायचं ठरवलं.

न्यायला माणसं आली त्या दुपारी साहेब बाहेर त्यांच्याशी घासाघीस करत होते. मी चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन बसले. तीन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात दुसरं काही नव्हतं, फक्त पहिल्या धोंड्याला एक हाक, त्या नावाने. ते त्यांचं घरातलं नाव, मी कधी तोंडाने घेतलं नव्हतं. प्रोग्रॅमचं बारसंही केलं या वेळी, 'ए डॉट आउट' ठेवला नाही. ते रूटीन पूर्वी मी उघडून वाचलं होतं. त्यात ओ एकदाच द्यायची होती, एकदाच उमटवून परत फिरायचं होतं.

मी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर ओ उमटली. मला हसू आलं आणि डोळेही भरले. हाक मारली आणि भाऊंनी ओ दिली नाही, असं कधी झालं होतं?

मशीन बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात जराशा अवकाशाने खालच्या ओळीवर आणखी एक ओ उमटली.

हाक मी एकच मारली होती.